विश्लेषण : मुंबईत बांधलेल्या ‘पंजाब’ युद्धनौकेची चाके काढली आणि ती जगातल्या वेगवान जहाजांत गणली गेली… हे कसे घडले?

पावसाळा सरला की सातारा-सांगलीत बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बातम्या सुरू होतात. रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत कारखान्याकारखान्यांत पूजा होते, नारळ फुटतो, भट्टी पेटते आणि काही दिवसांत चिमणीतून धूर दिसू लागतो. पाणी तापवायचे, वाफ कोंडायची आणि त्या कोंडलेल्या वाफेकडून जड लोखंड फिरवून घ्यायचे, एवढेच त्यामागचे तत्त्व. हेच तत्त्व एकोणिसाव्या शतकात जहाजावर चढले आणि समुद्रावरच्या सत्तेचे गणित बदलले.

त्या काळातली एक युद्धनौका मुंबईत, मुंबईच्याच सुतारांच्या हातून तयार झाली. नाव ‘पंजाब’. तिने इराणच्या किनाऱ्यावर तोफा डागल्या. १८५७ मध्ये तिच्या खलाशांनी ढाक्यात बंदुका चालवल्या. नंतर तिची चाके, इंजिन, तोफा सगळे उतरवण्यात आले. ज्या जहाजाचे आयुष्य तिथे संपायला हवे होते, त्याची कीर्ती तिथून पुढे सुरू झाली. साताऱ्याच्या इतिहासाशीही या नौकेचा धागा जुळतो, पण तो थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

सरखेल, सातारा आणि कंपनीचे आरमार

‘पंजाब’ ज्या आरमाराची होती त्याचे जुने नाव ‘बॉम्बे मरीन’. ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी गलबते सांभाळणे हे त्याचे मूळ काम. मुंबईच्या दाराशी या आरमाराचा सर्वात मोठा प्रतिस्पर्धी होता कान्होजी आंग्रे.

छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यात १७०८ मध्ये झाला. पाच वर्षांनी, १७१३ मध्ये, बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहूंच्या बाजूला आले आणि मराठी आरमाराचे सरखेलपद त्यांच्याकडे कायम झाले. म्हणजे अलिबाग, विजयदुर्गच्या पाण्यात कंपनीला जो दस्तकासाठी अडवत होता, तो साताऱ्याच्या गादीचा सरखेल होता. इंग्रजी कागदांनी त्याला चाचा ठरवले, हा भाग वेगळा. कंपनीने त्याच्या किल्ल्यांवर अनेक मोहिमा काढल्या. १७२१ मध्ये तर पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर हल्ला केला आणि हात हलवत परतावे लागले.

कान्होजी १७२९ मध्ये गेले. पुढे आंग्र्यांच्या घरात फूट पडली आणि पेशव्यांचे तुळाजी आंग्र्यांशी बिनसले. १७५५ मध्ये बॉम्बे मरीनच्या विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, इंग्रजांनी विजयदुर्गच्या बंदरात तुळाजींचे आरमार जाळले. त्या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. मराठ्यांचे सर्वात बळकट आरमार मराठ्यांच्याच संमतीने जळाले, हे आजही वाचताना खटकते.

त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर कंपनीला तोडीस तोड आरमार उरले नाही. बॉम्बे मरीन वाढत गेले आणि १८३० मध्ये त्याचे नाव ‘इंडियन नेव्ही’ झाले. याच वर्षी मुंबईहून निघालेल्या एका लहानशा बोटीने वाफेची ताकद सिद्ध केली.

कोळशाने भरलेली ‘ह्यू लिंडसे’

मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेवरची बोट पाण्यात उतरली. वजन ४११ टन, ८० अश्वशक्तीची दोन इंजिने. तिला मुंबईहून तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत जायचे होते. तोवर इंग्लंडची टपाल आफ्रिकेला वळसा घालून येत असे आणि त्यात चार-पाच महिने सहज जात. सुएझमार्गे हे अंतर कितीतरी कमी होते. मात्र तांबड्या समुद्रातले वारे शिडाच्या जहाजांना दाद देत नसत. वाऱ्याची मिनतवारी न करणारी बोट हवी होती.

अडचण कोळशाची होती. बोटीच्या पोटात साडेपाच दिवसांचा कोळसा मावत होता, तर पहिला मुक्काम असलेले एडन अकरा दिवसांवर होते. कॅप्टन जॉन विल्सनने उपाय काढला तो आपल्या एसटीच्या टपावर सामान लादणाऱ्या कंडक्टरला पटावा असा. तळघर भरले, खोल्या भरल्या, डेकवरही कोळशाचे ढीग लावले. २० मार्च १८३० रोजी निघालेली ही बोट पाण्यात इतकी खोल बसली होती की चाके नीट फिरेनात. तरीही ती एडनला पोहोचली, वाटेत कोळसा घेत २२ एप्रिलला सुएझला लागली. त्यासाठीचा कोळसा शिडाच्या जहाजांतून आधीच पुढे पाठवावा लागला होता, ही गंमत.

कोळशाच्या या भुकेने नकाशाही बदलला. कोळसा साठवायला वाटेत हक्काची जागा हवी, म्हणून कंपनीने जानेवारी १८३९ मध्ये एडन जिंकून घेतले. मुंबई प्रांताची देशी पलटण त्या लढाईत होती.

चाकाची युद्धनौका चालायची कशी?

औरंगाबादची पाणचक्की पाहिली असेल तर हे समजणे सोपे आहे. पाणचक्कीत पाणी पडते आणि चाक फिरते. इथे नेमके उलटे. वाफ दट्ट्याला पुढे-मागे ढकलते, दट्ट्या दांड्याला फिरवतो आणि दांड्याच्या दोन टोकांना, जहाजाच्या दोन्ही कुशींना लावलेली भलीमोठी चाके फिरतात. चाकांवरच्या फळ्या पाणी मागे लोटतात आणि जहाज पुढे जाते. सांगलीच्या कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत वल्हेकरी जे करतात तेच काम, फक्त न थकता आणि शेकडो माणसांच्या बळाने.

व्यापारी बोटीला हे ठीक होते. युद्धनौकेला मात्र त्यात घोर धोका होता. चाक पाण्याच्या वर, उघड्यावर. शत्रूचा एक गोळा नेमका बसला की जहाज लंगडे. शिवाय युद्धनौकेची खरी ताकद तिच्या कुशीत, तोफांच्या ओळीत असते आणि तीच जागा चाकांनी आणि त्यांच्या पेटाऱ्यांनी खाल्लेली. मुंबईतच १८१३ मध्ये बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या शिडाच्या युद्धनौकेवर ७४ तोफा होत्या. ‘पंजाब’वर होत्या १०. त्या जड आणि लांब पल्ल्याच्या होत्या हे खरे, पण संख्येतली तफावत डोळ्यांत भरणारी आहे.

समुद्र खवळला की आणखी पंचाईत. जहाज एका कुशीवर कलले की एक चाक पाण्यात बुडायचे आणि दुसरे हवेत गरागरा फिरायचे. प्रवासाच्या सुरुवातीला कोळशाच्या ओझ्याने चाके फार खोल, शेवटी कोळसा संपल्यावर फार वर. बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी घालत, त्यामुळे आत मिठाचे थर बसायचे. ते काढण्यासाठी ठरावीक वेळाने खारट पाणी बाहेर सोडावे लागे. कारखान्यात बॉयलरच्या पाण्याची रोज तपासणी करणाऱ्या माणसाला हे ऐकून घाम फुटेल.

जहाजाच्या मागे, पाण्याखाली पंखा लावायचा पर्याय तेव्हा आलेला होता. एप्रिल १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकाची ‘अलेक्टो’ या दोन नौका पाठीला पाठ लावून दोराने बांधल्या आणि पूर्ण वाफेवर सोडल्या. रस्सीखेचच ती. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला फरफटत मागे नेले. असे असूनही कंपनीने १८५० च्या दशकात मुंबईत चाकाच्याच दोन मोठ्या नौका बांधायला घेतल्या. चाकाची इंजिने ओळखीची होती, ती दुरुस्त करणारे हात मुंबईत होते, हे त्यामागचे कारण असू शकते. तरी निर्णय जुनाट होता, असेच म्हणावे लागते.

दोन बहिणी : ‘असई’ आणि ‘पंजाब’

या दोन नौकांची नावे पाहा. एक ‘असई’, दुसरी ‘पंजाब’. असई हे आजच्या जालना जिल्ह्यातले गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. पंजाब कंपनीने १८४९ मध्ये खालसा केला. त्याच्या आदल्याच वर्षी, ५ एप्रिल १८४८ रोजी, साताऱ्याचे छत्रपती शहाजी तथा आप्पासाहेब यांचे निधन झाले आणि दत्तक वारस नामंजूर करून लॉर्ड डलहौसीने सातारा गिळंकृत केला. दत्तक नामंजुरीच्या धोरणात डलहौसीने घेतलेला पहिला घास तो साताऱ्याचा. सांगली, मिरजेची पटवर्धनांची संस्थाने त्यातून वाचली आणि स्वातंत्र्यानंतर विलीन होईपर्यंत टिकली.

साताऱ्याच्या नावाची नौका कंपनीने काढली नाही. डलहौसी मात्र मार्च १८५६ मध्ये भारत सोडताना कलकत्त्याहून निघाला तो इंडियन नेव्हीच्या ‘फिरोज’वरून. तीही मुंबईतच बांधलेली चाकाची युद्धनौका.

‘असई’ आणि ‘पंजाब’ १८५४ मध्ये मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरल्या. ‘पंजाब’ सुमारे १,७५० टनांची, इंजिने ७०० अश्वशक्तीची. बांधणीची जबाबदारी होती कर्सेटजी रुस्तमजी वाडिया यांच्यावर. वाडियांचे मूळपुरुष लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईत आले आणि तेव्हापासून गोदीचे मुख्य मिस्त्रीपण याच घराण्यात राहिले.

नौकेचे इंजिन ब्रिटिश बनावटीचे, पण सांगाडा सागवानाचा. मलबारच्या जंगलातले हे लाकूड गलबतांतून मुंबईला येई. सागात उपजत तेल असते. त्यामुळे ते पाण्यात कुजत नाही, त्यात ठोकलेले लोखंडी खिळे ओकच्या लाकडातल्यासारखे गंजून सैल होत नाहीत आणि किडाही लवकर लागत नाही. याच गोदीत १८१७ मध्ये बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका दोनशेहून अधिक वर्षांनंतर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे. वाडियांच्या कामाची यापेक्षा वेगळी ग्वाही नको.

बुशहरचा गोळीबार

‘पंजाब’ला पहिली लढाई मिळाली ती इराणशी. ऑक्टोबर १८५६ मध्ये इराणने अफगाणिस्तानातले हेरात घेतले. हेरात म्हणजे हिंदुस्थानचे दार, अशी इंग्रजांची धारणा. त्यांनी थेट हेरातला जाण्याऐवजी मुंबईहून इराणच्या आखातात आरमार पाठवले. ‘असई’, ‘पंजाब’, ‘सेमिरामिस’, ‘फिरोज’ अशा वाफेच्या नौका आणि त्यांच्या मागे फौजेने भरलेली शिडाची जहाजे. वाऱ्याची वाट न पाहता शिडाच्या जहाजांना ओढत न्यायचे, हे वाफेच्या नौकांचे मोठेच काम होते.

१० डिसेंबर १८५६ रोजी बुशहर बंदरावर तोफांचा मारा झाला. तिथले पाणी उथळ. मोठी जहाजे किनाऱ्यालगत नेणे जोखमीचे, तरी ती शक्य तितकी जवळ नेण्यात आली. काही तासांत तटबंदी निकामी झाली आणि बुशहरने शरणागती पत्करली.

मार्च १८५७ मध्ये पॅरिसला तह झाला, इराणने हेरात सोडले. तहाची बातमी आखातात पोहोचायला आठवडे लागले. दरम्यान मोहम्मरा येथे आणखी एक लढाई होऊन गेली, जिची आता गरजच नव्हती. तारेची लाइन असती तर काही माणसे वाचली असती. हे लक्षात ठेवा, बुशहर आणि तार दोन्ही पुढे पुन्हा येणार आहेत.

१८५७ : सातारा, मुंबई, ढाका

इराणहून सुटलेले सैन्य परतत होते तोच मेरठला ठिणगी पडली. वाफेच्या नौकांचे मोल आता कंपनीला खऱ्या अर्थाने कळले. इराणचे रण आटोपलेले गोरे शिपाई काही आठवड्यांत कलकत्त्याला उतरवता आले. बैलगाडीने किंवा शिडाने ते जमले नसते.

त्या वर्षी साताऱ्यात काय चालले होते? प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी लंडनला गेलेले रंगो बापूजी गुप्ते चौदा वर्षे तिथे अर्ज-विनंत्या करून १८५३ मध्ये रिकाम्या हाताने निघाले होते. सनदशीर मार्ग संपल्यावर त्यांनी उठावाची जुळवाजुळव केली. कट फुटला. ऑगस्ट १८५७ मध्ये राजघराण्यातल्या माणसांना साताऱ्याबाहेर काढून मुंबई बंदरातील बुचर बेटावर ठेवण्यात आले आणि पुढे कराचीला पाठवण्यात आले. ८ सप्टेंबर रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. कोल्हापुरातही ३१ जुलैला २७ व्या पलटणीने उठाव केला होता. तिथले चिमासाहेबही पुढे कराचीलाच हद्दपार झाले. ज्या बुचर बेटावर सातारकर राजबंदी होते ते बेट मुंबईच्या गोदीपासून दूर नाही. आज त्याचे नाव जवाहर द्वीप असून तिथे तेलवाहू जहाजे लागतात.

‘पंजाब’ तेव्हा बंगालमध्ये होती. तिच्यावरचे आणि ‘झेनोबिया’ या नौकेवरचे मिळून शंभरेक नौसैनिक जून १८५७ मध्ये ढाक्याला धाडण्यात आले. जहाज सोडून जमिनीवर लढायला. पाच महिने तिथे शांतता होती. २२ नोव्हेंबरच्या पहाटे लेफ्टनंट लुईसच्या हाताखाली हे नौसैनिक ढाक्यातील देशी शिपायांची शस्त्रे काढून घ्यायला निघाले. खजिन्यावरच्या पहाऱ्याने विरोध केला नाही. लालबाग किल्ल्यात ७३ व्या पलटणीच्या शिपायांनी मात्र गोळ्या झाडल्या. अर्ध्या तासात किल्ला पडला. सुमारे चाळीस शिपाई मारले गेले, बाकीचे ईशान्येकडे निसटले. पकडलेल्या काहींना ढाक्याच्या आंटाघर मैदानात फाशी देण्यात आली. त्या जागेला आता बहादूरशाह पार्क म्हणतात.

या चकमकीत पुढे धावणारा आर्थर मेयो हा १७ वर्षांचा नवशिका नौदल अधिकारी होता. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लालबागमधल्या शिपायांनी शस्त्रे खाली ठेवायला नकार दिला असता की त्यांना फक्त घाबरवले गेले, यावर मतभेद होऊ शकतात. चढाई मात्र पहाटे, ते बराकीत असताना झाली.

चाके निखळली, नाव बदलले

१८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आले. आता समुद्र सांभाळायला ब्रिटनचे शाही आरमार होते, मग हिंदुस्थानच्या तिजोरीवर दुसऱ्या आरमाराचा बोजा कशाला, असा हिशेब झाला. ३० एप्रिल १८६३ रोजी इंडियन नेव्ही बरखास्त झाली. आंग्र्यांशी झुंजण्यात वाढलेले आरमार एका फर्मानाने बंद पडले.

‘असई’ आणि ‘पंजाब’ तेव्हा इंग्लंडमध्ये विक्रीला निघाल्या. लंडनचा जहाजमालक जॉन विलिस याने दोन्ही घेतल्या. हा गृहस्थ पांढरी उंच टोपी घालून गोदीत फिरायचा, म्हणून बंदरातले लोक त्याला त्या टोपीच्याच नावाने ओळखत. त्याने ‘असई’ विकली आणि त्या एका व्यवहारात दोन्ही जहाजांचे पैसे वसूल केल्याचे सांगतात. ‘असई’ १८६५ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटली.

‘पंजाब’ त्याने स्वतःकडे ठेवली. चाके काढली. इंजिने, बॉयलर काढले. तीन उंच डोलकाठ्या उभ्या केल्या आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या नदीचे नाव दिले, ‘ट्वीड’. जग शिडाकडून वाफेकडे चालले असताना ही नौका वाफेकडून शिडाकडे गेली. वेडेपणा वाटावा असा सौदा. मात्र विलिसची नजर इंजिनावर नव्हतीच, ती सागवानी सांगाड्यावर होती. चाकांचे आणि यंत्रांचे ओझे उतरल्यावर त्या सांगाड्याची खरी घडण बाहेर आली.

कॅप्टन विल्यम स्टुअर्टच्या हाताखाली ‘ट्वीड’ अशी पळू लागली की बंदराबंदरात तिची चर्चा होऊ लागली. प्रसिद्ध कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड तरुणपणी, १८८० मध्ये, याच स्टुअर्टच्या हाताखाली ‘लॉक एटिव्ह’ जहाजावर तिसरा अधिकारी होता. स्टुअर्ट ‘ट्वीड’च्या आठवणींतून बाहेर येत नसे, असे कॉनरॅडच्या ‘द मिरर ऑफ द सी’ या पुस्तकातून दिसते. हाँगकाँग ते सिंगापूर या टप्प्यात तिने टपालाच्या वाफेच्या बोटीला दीड दिवसाने मागे टाकल्याचेही तो सांगतो. वाफेवर धावण्यासाठी बांधलेल्या जहाजाने वाफेविना वाफेला हरवले.

पुन्हा बुशहर

‘ट्वीड’ नाव लागल्यावर तिला मिळालेले पहिले मोठे काम तारेचे होते. मोहम्मराची अनावश्यक लढाई आणि १८५७ चा धक्का यानंतर लंडनला मुंबईशी थेट तारेने जोडण्याची निकड वाटू लागली. आखाताच्या तळाशी केबल टाकायचे ठरले. ही जाडजूड केबल टाक्यांत गुंडाळून इंग्लंडहून पाच शिडांच्या जहाजांनी नेली, त्यात ‘ट्वीड’ आणि ‘असई’ दोघी होत्या. १८६४ मध्ये ग्वादरपासून मुसंदममार्गे बुशहर आणि तिथून फाओपर्यंत केबल पडली. आठ वर्षांपूर्वी ‘पंजाब’ म्हणून ज्या बंदरावर या नौकेने गोळे टाकले, ते बंदर आता तिने वाहून आणलेल्या तारेवरचे ठाणे झाले. १८६५ मध्ये हिंदुस्थान आणि युरोप यांच्यात तारा जाऊ-येऊ लागल्या. टपालाचे महिने दिवसांवर आले.

‘कटी सार्क’चा चेहरा

विलिसला ‘ट्वीड’सारखेच, तिच्याहून सरस जहाज हवे होते. चीनचा चहा लंडनला सर्वांत आधी पोहोचवण्याची शर्यत तेव्हा जोरात होती. त्याने हर्क्युलिस लिंटन या तरुण आरेखकाला गाठले आणि गोदीत कोरड्यावर घेतलेली ‘ट्वीड’ त्याला दाखवली. लिंटनने नव्या जहाजाचा पुढचा भाग ‘ट्वीड’च्या नाकाच्या घडणीवरून बेतला. हे नवे जहाज स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे बांधले गेले आणि २२ नोव्हेंबर १८६९ रोजी पाण्यात उतरले. त्याचे नाव ‘कटी सार्क’. पाचच दिवसांपूर्वी सुएझ कालवा खुला झाला होता आणि चहाच्या शर्यतीवर वाफेच्या बोटींचा शिक्का बसणार हे ठरून गेले होते.

‘कटी सार्क’ लंडनजवळ ग्रिनिच येथे जतन केलेली आहे. तिकीट काढून आत जाता येते, तिच्या तळाखालूनही फिरता येते. लंडनला शिकायला किंवा नोकरीला असलेल्या सातारा-सांगलीच्या मुलांपैकी कित्येकांनी तिच्यापुढे फोटो काढले असतील. तिच्या पुढच्या बाकाचा पूर्वज मुंबईच्या गोदीत वाडियांच्या सुतारांनी तासला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

‘ट्वीड’ पुढची वीसेक वर्षे ऑस्ट्रेलिया, चीन, हिंदुस्थान अशा फेऱ्या करत राहिली. १८७४ मध्ये ती ब्रिटनमधून निघालेली स्थलांतरित कुटुंबे घेऊन न्यूझीलंडला गेली. १८८० च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे रेल्वे येत होती आणि सातारा-सांगलीच्या शिवारात वाफेचे इंजिन पहिल्यांदाच धडधडू लागले होते, त्या काळात वाफ सोडून दिलेली ही मुंबईकर नौका शिडांवर महासागर ओलांडत होती.

जुलै १८८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या. तिला ओढत अल्गोआ उपसागरात आणले. दुरुस्तीचा खर्च परवडण्याजोगा नव्हता, म्हणून ती तिथेच मोडीत काढण्यात आली. चौतीस वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेले सागवान तरी शाबूत निघाले. त्यातले काही लाकूड पोर्ट एलिझाबेथ शहरातल्या एका इमारतीच्या छताला वापरले गेले.